परतीचा भोंगा

सोमवार, ता. ३

पोचले बाई एकदाची. टपालाच्या टेम्पोवाल्याने पुलाशी उतरवलं आणि माझी पेटी स्वतः डोक्यावर घेऊन त्रेपन्न पायऱ्या चढून खोलीत आणून ठेवली. घोटभर पाणीसुद्धा घेतलं नाही. जाताना म्हणाला, मावशी, आता आमचा जीव तुमच्या हातात, झोपताना एक डोळा उघडा ठेवा. मी म्हटलं, बाबा रे, मुलींच्या वसतिगृहात एकतीस वर्षं स्वयंपाक केलाय, दूध उतू जायच्या आधी मला झोपेतसुद्धा जाग येते. तुझ्या नदीचं काय घेऊन बसलास!

खोली छान आहे. एक खाट, एक टेबल, कोपऱ्यात शेगडी, मागे मोरी. दोन खिडक्या. एकीतून खाली नदी आणि पुलाचा मधला खांब दिसतो. खांबावर पट्टे रंगवलेत : तळाला पांढरा, मध्ये पिवळा, वर लाल. दुसऱ्या खिडकीला लागूनच पायऱ्या जातात. वर शाळेच्या टेकडीकडे, खाली गल्लीकडे. येणारा-जाणारा माझ्या गजांना खांदा घासूनच जाणार. म्हणजे बोलायला माणसांची वाण नाही. पायऱ्यांवरून नदी मात्र दिसत नाही, मध्ये मोठा कातळ आडवा आलाय. टेकडीवरूनही नाही. ती दिसते ती फक्त माझ्या खिडकीतून.

काम म्हटलं तर काहीच नाही. दर तासाला खांब बघायचा आणि वहीत लिहायचं. पाणी पिवळ्याला टेकलं की कार्यालयाला फोन. लालला टेकलं की टेबलाशेजारचं बटण दाबून छतावरच्या भोंग्याच्या तीन फेऱ्या द्यायच्या, म्हणजे खालच्या गल्लीतल्यांनी टेकडीवर जायचं. पाणी उतरलं की एक फेरी. तिला इथे परतीचा भोंगा म्हणतात. तो वाजल्याशिवाय कोणी उतरत नाही आणि वाजल्यावर कोणी वर थांबत नाही. का, कशाला, कोणी विचारत नाही. चालायला लागल्या लागल्या पोरांना हे शिकवतात म्हणे.

आंधळा मागतो एक डोळा, तसं झालं माझं. म्हातारपणी भांडी घासायची नाहीत, नुसतं खिडकीत बसायचं!

मंगळवार, ता. ४

कार्यालयातले कारकून नोंदवही घेऊन आले. भिंतीवर छापील नियम लावलेत, ते मी त्यांना एका दमात मोठ्याने वाचून दाखवले. खूश झाले. मी कधी शाळेत गेले नाही. किराणा बांधून यायचा त्या कागदांवर अक्षरं गिरवली, मग मुलींच्या जुन्या पुस्तकांवर. आता वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचते, अगदी हरवले-सापडलेसुद्धा.

मग त्यांनी वहीचं शेवटचं पान उघडलं. माझ्या आधी इथे होते ते गृहस्थ बावीस वर्षं हीच खिडकी राखून गेले. जाताना त्यांनी आपल्या हाताने पानभर लिहून ठेवलंय. कारकून म्हणाले, हे नियमांपेक्षा मोलाचं आहे, नीट वाचा, काही अडलं तर आत्ताच विचारा.

मी पान पाहिलं. शाईत बुडवलेल्या मुंग्या कागदावर सोडल्यासारखं अक्षर. छापील मला वाचता येतं, माझं स्वतःचं सुटं-सुटं लिहिता येतं. पण असं हाताचं, घाईचं अक्षर मला लागत नाही. त्यांनी विचारलं, लागतंय ना? मी म्हटलं, न लागायला काय झालं, वाचते सावकाश.

ते गेल्यावर कान तापले होते. पण मनात म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. पहिल्याच आठवड्यात कशाला उघडायची?

गुरुवार, ता. ६

खालच्या गल्लीत जाऊन ओळखी करून आले. इस्त्रीवाल्या दोघी बहिणी आहेत, एक बोलते आणि दुसरी तिचं वाक्य खोडते. त्यांच्याकडे माझी निळी चादर टाकली. धाकटी म्हणाली शनिवारी देऊ, थोरली म्हणाली हिच्या शनिवारला आठ दिवस असतात. पुढे घड्याळजी, दात नसलेला आणि तोंडाचा फटकळ. शेवटी पिठाची गिरणी. गिरणीवाला सगळा पांढरा, भुवयासुद्धा. हसला की तेवढे ओठ लाल दिसतात. त्याची बायको हिशेबी दिसते पण मायाळू. म्हणाली, मावशी, तुम्ही एकट्या, संध्याकाळी आमच्यात दोन घास खाऊन जात जा. सहा वर्षांची मुलगी आहे, ती माझा हात धरून पुलापर्यंत पोचवायला आली. मला म्हणाली, तुम्हीच का भोंगेमावशी?

झालं माझं बारसं.

सोमवार, ता. १०

आज लाज गेली. सकाळी पाऊस बरा होता. पाणी पिवळ्याला टेकलं. फोन लावायचा तर धांदलीत माझा हात बटणाकडे गेला, आणि दिल्या तीन फेऱ्या! सगळी गल्ली हातातलं टाकून टेकडीवर धावली. गिरणी बंद, इस्त्र्या विझवलेल्या, म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेतलेलं. आणि पाणी आपलं पिवळ्यावर शहाण्यासारखं थांबलेलं. तासाभराने एक फेरी दिली.

उतरताना कोणी रागावलं नाही, हेच वाईट. गिरणीवाला म्हणाला, चला, त्या निमित्ताने पायऱ्या चढलो, पोट कमी होईल. घड्याळजी मात्र खिडकीशी थांबला. म्हणाला, भोंगेबाई, घड्याळ पुढे गेलं तर लोक माझ्याकडे आणतात, तुम्ही पुढे गेलात तर कुणाकडे न्यायचं?

सगळे हसले. मीही हसले. आत येऊन तोंडावर पाणी मारलं.

गुरुवार, ता. १३

सकाळी आठ. रात्रभर ओतलंय. वारा असा की छताचे पत्रे दात खातात तसे वाजताहेत. फोन बंद, तार कुठेतरी तुटली असणार.

साडेअकरा. लालला टेकलं. या वेळी तीनदा डोळे चोळून पाहिलं. तीन फेऱ्या दिल्या. सगळे गेले वर. मोजले मी खिडकीतून, एकही मागे नाही. गिरणीवाली पोरीला पदराखाली घेऊन गेली, जाताना गजांतून माझा हात दाबला.

एक. गल्लीत गुडघ्याच्या वर पाणी. वेळेवर निघाले सगळे. मनाला बरं वाटलं, उगाच खोटं कशाला बोलू.

अडीच. वाऱ्याने शाळेच्या ओसरीचे पत्रे उडाले. गिरणीवाला भिजत खाली सांगायला आला. म्हणाला, मावशी, वर उघड्यावरच आहोत, लेकरं काकडलीत, दोन म्हाताऱ्यांना हुडहुडी भरलीय. किती वेळ? मी म्हटलं, अजून लालच्या वर आहे बाबा. बरं म्हणाला. घड्याळजी विचारतोय, मावशींचं घड्याळ आज बरोबर आहे ना, असं हसत म्हणाला आणि वर गेला.

साडेतीन. उतरतंय! पाऊस तसाच आहे, पण पाणी उतरतंय. बघता बघता लालच्या खाली.

पावणेचार. पिवळ्याच्याही खाली. कोणी तळाचं बूच काढावं तसं. इतक्या पावसात इतकं भराभर? पण नियम छापील आहे, पिवळ्याच्या खाली गेलं की एक फेरी. ती लेकरं तिकडे वाऱ्यात उभी आहेत माझ्यामुळे.

एक फेरी दिली.

उतरायला लागले. गिरणीवाला पुढे, मागून घड्याळजी, मग इस्त्रीवाल्या बहिणी. बाकीचे वळणावर. गिरणीवाल्याने जाता जाता हात केला. म्हणाला बायको पोरीचं डोकं पुसतेय, मागून येईल, तोवर मी दार उघडून चूल पेट—

काहीतरी येतंय वरून. वारा नाही हा.

शुक्रवार, ता. १४

चौघं गेली.

गिरणीवाला. घड्याळजी. इस्त्रीवाल्या दोघी.

वर, दरीच्या अरुंद भागात वाऱ्याने झाडं आडवी पडली होती. त्यांना गाळ अडकला, आणि नदी तिथे तुंबून राहिली. म्हणून खाली पाणी उतरलं. मग ते सगळं एकदम सुटलं. भिंतीसारखं आलं. बाकीचे वळणावर होते, ते उलटे धावले म्हणून वाचले.

मी सगळं बघितलं. दुसरं कोणाला दिसत नव्हतं.

शनिवार, ता. १५

कार्यालयाचे साहेब आले, बरोबर वायरमन. साहेब विचारत होते, ऐन पुरात परतीचा भोंगा वाजलाच कसा? मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात वायरमनने बटणाचं झाकण काढलं, आत बोट फिरवलं, ओलं बोट साहेबांना दाखवलं. म्हणाला, हे बघा, दमट झालंय. आपोआप वाजलं असणार. यंत्राचा काय भरवसा! मग माझ्याकडे वळून म्हणाला, हो ना मावशी?

मी मान हलवली.

एवढंच. नुसती मान.

साहेब म्हणाले, तरी तुम्ही तीन फेऱ्या वेळेवर दिल्यात, ऐंशी माणसं वाचली तुमच्यामुळे. दारात लोक उभे होते, त्यांनी हात जोडले. गिरणीवाली पुढे आली आणि माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, मावशी, तुम्ही होतात म्हणून माझी पोर राहिली.

तिच्या केसांना अजून पिठाचा वास होता.

सोमवार, ता. १७

चौघांना कालच पोचवलं. मी गेले होते. मला पुढे उभं केलं.

आज दुपारी चारच्या सुमारास भुरभुर पाऊस आला. पायऱ्यांवर पावलं वाजली, वरून खाली. बाहेर पाहिलं तर कोणी नाही. पायऱ्यांवर ओले ठसे मात्र होते, अनवाणी. सगळ्यांची बोटं खालच्या दिशेला. पावसात ठसे कसे राहतील, असं मनाला म्हटलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

सुचेना म्हणून वहीचं शेवटचं पान घेऊन बसले. एकेक अक्षर उचलून माझ्या वर्तमानपत्राशी लावून बघते आहे. दोन तासांत एक शब्द लागला : पाऊस.

बुधवार, ता. १९

गिरणीवाली रोज डबा आणते. गिरणी चिखलाने भरलीय, यंत्र बंद, तरी माझ्यासाठी ताट करते. जेवत नाही तोवर समोरून उठत नाही. मला घास उतरत नाही. ती म्हणते, मावशी, तुम्ही मनाला फार लावून घेतलंत.

आज पुन्हा पाऊस, पुन्हा चार. पावलं मोजली. चार जणांची. खाली जातात. वर कधी जात नाहीत, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा वरूनच येतात.

पानातले आणखी शब्द लागले : चालू असताना. मग : पाणी.

गुरुवार, ता. २०

सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर माझी निळी चादर. व्यवस्थित घडी घातलेली, कडेला कड, इस्त्रीची धार अशी की बोट कापावं. आणि ठिबकत होती. उचलली तर दोन बादल्यांचं वजन. घडीच्या आत गाळ.

त्यांचं दुकान पायापासून वाहून गेलंय.

दारामागे ठेवली. वाळत नाही.

शनिवार, ता. २२

सगळं पान लागलं. छापील अक्षरात लिहून काढते, म्हणजे पुन्हा नाही लागलं असं व्हायचं नाही :

पाऊस चालू असताना पाणी एकाएकी उतरलं तर आनंद मानू नये. वर काहीतरी अडलं आहे. परतीचा भोंगा देऊ नये. लोक शिव्या देतील, तरी देऊ नये. अर्धा दिवस थांबावं.

कारकून म्हणाले होते, अडलं तर आत्ताच विचारा. एवढंच म्हणायचं होतं की साहेब, मला हे अक्षर लागत नाही. ते काय खाणार होते मला? थोडं हसले असते.

पान फाडलं. शेगडीत घातलं. हे मी का केलं, ते मला माहीत आहे. कोणी वाचलं तर विचारेल, हे तेव्हा होतं का.

आज चौघं खिडकीशी थांबली.

रविवार, ता. २३

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. देत नाहीत. गजांशी उभी राहतात, दुकानात आपली पाळी येईपर्यंत माणसं उभी राहतात तशी. गिरणीवाल्याच्या भुवयांवरच्या पिठाचा लगदा झालाय, तो गालावरून उतरत असतो. धाकटी इस्त्रीवाली काही बोलायला ओठ उघडते, तोंडातून पाणी येतं, आणि थोरली तिला कोपराने गप्प करते. अगदी तशीच.

मी काय ते सांगावं म्हणून थांबलेली असतात. खाली जा म्हणून मीच सांगितलं होतं. त्यांनी माझं ऐकलं. अजून ऐकताहेत.

पाऊस थांबला की खाली जातात.

सोमवार, ता. २४

गल्लीची बैठक झाली. सगळे म्हणाले, भोंगा वेडा झालाय, पुन्हा आपोआप वाजला तर आणखी जीव जातील. नवा येईपर्यंत तोडून टाका. वायरमन आला. मी त्याची शिडी धरून उभी राहिले. तार कापली, बटण काढून पिशवीत टाकलं. भिंतीत आता नुसतं भोक आहे.

भोंग्याला काही झालेलं नाही. तो शहाणा आहे. वेडी मी. एका वाक्याचं काम होतं. शिडी धरली, वाक्य नाही निघालं.

वायरमन म्हणाला, पंधरा दिवसांत नवा बसवू. आकाशाकडे बघून म्हणाला, तोवर वरच्याने सांभाळावं.

बुधवार, ता. २६

आज सांगायचं ठरवून खाली गेले. गिरणीवाली पट्टा पुसत होती. म्हणाली शुक्रवारी गिरणी सुरू करणार, यांचं स्वप्न होतं, बंद नाही ठेवायची. पोर पायरीवर बसून पाटीवर माझं चित्र काढत होती. छतावर भोंगा, खाली मी, माझे हात टेकडीएवढे मोठे.

म्हटलं, अगं, तुला एक सांगायचंय. ती हात पुसत जवळ येऊन बसली. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाली, सांगा ना मावशी.

म्हटलं, डब्यात मीठ जरा कमी टाकत जा.

गुरुवार, ता. २७

वारा पडलाय. मुंग्या भिंतीवरून वर चालल्यात.

उद्या सांगते. उद्या नक्की.

शुक्रवार, ता. २८

सकाळी नऊ. पहिल्यापेक्षा जोरात. पुलाजवळचं झाड मुळासकट गेलं. फोन गेला.

दहा. पिवळा. स्वतः खाली गेले, दारं बडवली, वर चला म्हणून ओरडत फिरले. गेले बहुतेक. कुरकुरत, पण गेले. गिरणीवालीही पोरीला घेऊन.

साडेबारा. लालच्या वर. गल्ली दिसत नाही.

दोन. चौघं आज लवकर आलीत. चार वाजायची वाट बघितली नाही.

पावणेतीन. उतरतंय.

पाऊस तसाच, आणि उतरतंय. अगदी त्या दिवसासारखं. लाल सुटला. पिवळा सुटला.

तीन. गिरणीवाली एकटीच खाली आली. मी गजांतून हात काढून तिचा दंड धरला. कुठे चाललीस? म्हणाली, वारा जरा ओसरला, तर नवा पट्टा आणि मोटार वर काढून ठेवते. दहा मिनिटांचं काम. मावशी, पाणी कसंय? खोटं बोलता येईना. म्हटलं, उतरलंय. पण पुन्हा येईल. थांब. म्हणाली, उतरलेलं पुन्हा कसं येईल? त्या दिवशी तर उतरलंच नव्हतं, भरल्या पुरात त्या मेल्या यंत्रानं घात केला. आता यंत्रच नाही, भ्यायचं कुणाला?

उत्तर माझ्या जिभेवर होतं. त्या दिवशीही असंच उतरलं होतं. आणि बटण दाबणारी—

ती चौघं तिच्या मागेच उभी होती. तिला दिसत नव्हती. नवरा तिच्या खांद्यामागून माझ्या तोंडाकडे बघत होता. वाट बघत होता, मी बोलते का.

म्हटलं, जपून जा.

हसली. माझा हात सोडवला. गेली.

तीन वीस. आली नाही. ओरडते आहे, वारा आवाज माझ्याच घशात परत घालतोय. जाते मी. तिला ओढून—

तीन पंचवीस. सातव्या पायरीवर होते. आवाज झाला. कातळाला धरलं म्हणून राहिले.

आत धावले. खिडकीतून पाहिलं, गिरणीचं छत पुलाखालून गेलं.

मग दार लावलं. का लावलं? कोणासाठी—

मला एका वाक्यानं तिला थांबवता आलं असतं. एका.

पावणेचार. पावलं. मोजली.

पाच.

चार. खिडकीशी आहे. पदर डोक्यावरून घट्ट घेतलाय, त्यातून पाणी गळतंय. माझ्याकडे बघत नाही. रागानं नाही. बाकीचीही बघत नाहीत. पहिल्यांदाच.

वर बघताहेत. टेकडीकडे.

चार पाच. भोंगा वाजला.

तार कापलेली आहे. भिंतीत भोक आहे, मी त्यात बोट घालून बघितलं, आत काही नाही. वर छतावर पूर्ण एक फेरी वाजली. एक. मग गप्प.

मी म्हटलं होतं ना आपोआप वाजतो. मान हलवली होती. वाजला.

मोठी माणसं थांबतील. त्यांना बैठकीत सांगितलंय, भोंगा वेडा आहे. पण पोरांना कोणी काय सांगितलंय? पोरांना एकच ठाऊक. परतीचा भोंगा, मग घरी. आणि जिची आई खाली गेलीय ती—

वळणावर पावलं. हलकी. पळत येतायत.

एकटी आहे.

ती पाचही पायरीच्या कडेला सरकली, वाट करून दिली.

लिहायला वेळ नाही. पण तोंडाने निघत नाही, आजवर निघालं नाही, वसतिगृहातल्या मुली पाठ होत नसलं की आधी लिहून काढायच्या. लिहिते आणि तसंच म्हणते. दार उघडून मध्ये उभी राहते आणि म्हणते. नुसतं थांब म्हटलं तर थांबणार नाही, आईही थांबली नाही. सगळं सांगायला हवं. थांब गं बाळा. खाली जाऊ नकोस, भोंग्याचं ऐकू नकोस, माझं ऐक. त्या दिवशी तुझे बाबा गेले ते यंत्रामुळे नाही. पाणी उतरलं होतं, मला वाचता येत नव्हतं, आणि मी—

मी—